खड्डा दिसला की उतरायचं

“खड्डा दिसला की वळसा घालायचा नाही. उतरायचं. मागून येणारा आपलाच कुणीतरी असतो.”

शेवटच्या दिवसांत मुकादमांचा आवाज खरवडल्यासारखा झाला होता. तरी हे त्यांनी असं म्हटलं होतं, जणू पलंगासमोर चाळीस माणसं फावडी घेऊन उभी आहेत. उशाशी बसलेल्या ताईनं मान हलवली होती. “नुसती मान नको,” ते म्हणाले होते, “शब्द दे.” आणि तिनं दिला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली.

आज रविवारी दुपारी, आईच्या स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी दोघे भाऊ समोरासमोर बसलेले असताना, तो आवाज ताईला इतका जवळून ऐकू आला की तिनं हातातली मटाराची शेंग सोलता सोलता तशीच खाली ठेवली.

ही बैठक आईनंच बोलावली होती. उद्या सकाळी अकरा वाजता नगर कार्यालयाच्या सभागृहात खुली सुनावणी होती. सायकलींवर कर बसवावा की बसवू नये? कराचा मसुदा लिहिणारा थोरला, कारण रस्ते खात्याचा इंजिनिअर तोच. आणि विरोधात बोलणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव धाकट्याचं, कारण घराच्या तळमजल्यावर सायकलींचं दुकान त्याचं. एका आईची दोन लेकरं चारचौघांत एकमेकांची उणीदुणी काढणार हे कानावर आलं तेव्हा आईनं दोघांनाही निरोप धाडला होता: आधी माझ्यासमोर भांडा. जे माझ्यासमोर बोलवणार नाही, ते तिथेही बोलायचं नाही.

थोरली सून आली नव्हती. ‘तुम्हा भावांच्या वादात माझा चहा गार होतो,’ असं सांगून ती घरीच राहिली होती. धाकटी मात्र इथलीच. ती शेगडीशी उभी राहून चहा गाळत होती, आणि तिचे दोन्ही कान टेबलाकडे होते.

“एक लक्षात घे,” थोरला म्हणाला. बोलण्याआधी समोरचा चमचा टेबलाच्या कडेला समांतर लावायची त्याची सवय होती. तो त्यानं आत्ताही लावला. “मी काही सायकलवाल्यांचा वैरी नाही. मी स्वतः रोज सायकलनं कार्यालयात जातो. आणि तू, सायकली विकणारा, टेम्पोतून फिरतोस.”

“माल काय डोक्यावर आणू?”

“माल आणायला टेम्पो ठीक. केस कापायलाही टेम्पो?”

धाकटी गाळणीत फिस्सकन हसली. धाकट्यानं तिच्याकडे एक नजर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली. “विषय बदलू नकोस दादा. मला एवढंच सांग, सायकलीनं रस्ता झिजतो का?”

“फारसा नाही.”

“फारसा नाही म्हणजे?”

“म्हणजे नाहीच म्हण. एका भरलेल्या ट्रकनं जेवढं होतं तेवढं व्हायला हजारो सायकली लागतील.”

“झालं तर मग!” धाकट्यानं टेबलावर थाप मारली. चार मटार उड्या मारून जमिनीवर गेले. “जो खराब करत नाही त्यानं दुरुस्तीचे पैसे का द्यायचे? घरपट्टी आम्ही भरतो. सायकल घेताना विक्रीकर भरतो. ट्यूब घेताना भरतो, घंटी घेताना भरतो. आता वर्षाला वेगळा कर, आणि दांड्याला पत्र्याचा बिल्ला! उद्या पायी चालणाऱ्यांच्या चपलांना लावा बिल्ले.”

“चपलांच्या दुकानदाराला भाऊ इंजिनिअर असता तर तेही सुचलं असतं कुणाला,” आई म्हणाली. ती पंच्याऐंशीची होती, पण शेंगा सोलण्यात आणि वाक्य सोलण्यात अजून तिचा हात कुणी धरला नसता.

थोरला हसला नाही. “बघ, रस्ता चाकानंच खराब होतो असं नाही. मुकादम काय म्हणायचे?”

“रस्ता चाकानं मरत नाही, पाण्यानं मरतो,” तिघं भावंडं एकदमच म्हणाली, आणि क्षणभर ते टेबल तीस वर्षं मागे गेलं. मुकादमांना या घरात बाबा कुणी म्हणत नसे. आईसुद्धा मुकादमच म्हणायची. रस्ते बांधणाऱ्या टोळीचे ते मुकादम, आणि घरही त्यांनी टोळीसारखंच चालवलं होतं.

“तेच,” थोरला म्हणाला. “पाणी मुरतं, झाडांची मुळं खालून रेटतात, उन्हानं डांबर तडकतं. कुणी त्या वाटेवर पाऊल टाकलं नाही तरी ती मरतेच. मग तिला जगवायचं कुणी? दर वर्षी मी अंदाजपत्रकात सायकलवाटांसाठी रक्कम मागतो. दर वर्षी वरचे विचारतात, गाडीवाले कर भरतात, त्यांचे रस्ते आधी. सायकलवाले काय भरतात? माझ्याकडे उत्तर नसतं. ज्याचा पैसा त्याचा आवाज, ही जगाची रीत आहे. बिल्ला दांड्याला असला की माणूस कार्यालयात येऊन म्हणू शकतो, माझी वाट दुरुस्त करा.”

“आणि पैसे नसलेल्याचा आवाज?” धाकटीनं चहाचे कप ठेवता ठेवता विचारलं. तिचा स्वर अगदी साधा होता. “भावोजी, आमच्या दुकानात पंक्चर काढायला येतात त्यांतली निम्मी माणसं बसचं तिकीट परवडत नाही म्हणून सायकल चालवतात. त्यांनी बिल्ला नाही लावला तर तुम्ही काय करणार? सायकल जप्त? आणि तो बिल्ला लागलाय की नाही हे बघायला जो माणूस नेमाल, त्याचा पगार त्या करातून निघेल तरी का?”

थोरल्यानं चमचा उचलला आणि पुन्हा सरळ ठेवला. “तो हिशेब अजून पुरता झालेला नाही.”

“म्हणजे निघत नाही,” आई म्हणाली.

मुकादमांच्या त्या एका वाक्यापलीकडे ताई काहीच बोलली नव्हती. ती तिघांत मोठी, वयाची साठी एका वर्षावर आलेली. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका. तिशीत वैधव्य आलं तेव्हा ती या घरी परतली होती, आणि ते वैधव्य तिनं कामात विरघळवलं होतं. पहाटे उठून देवापाशी पाच मिनिटं डोळे मिटायचे, मग सायकल काढायची, कालव्याकाठच्या वाटेनं पलीकडच्या वस्तीत जायचं, हा तिचा क्रम. ती कमी बोलते हे सगळ्यांना इतकं सवयीचं झालं होतं की तिचं गप्प असणं आज कुणाला खटकलं नाही.

तिच्या डोळ्यांपुढे मात्र वेगळंच काही होतं. काल, शनिवारी, तिसऱ्या पुलापलीकडे मोठ्या झाडाच्या मुळाशी तिला एक नवा खड्डा दिसला होता. वाडग्याएवढा. कडा अजून चुरचुरीत. नेमाप्रमाणे ती उतरली होती, पण पिशवीतलं डांबरमिश्रण संपलेलं होतं. मुलीला मागच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेणारी एक बाई रोज नेमकी तिथूनच वळते. उद्या भरू, असं म्हणून ताई पुढे गेली होती. आणि ‘उद्या’ म्हणजे हा रविवार, ही बैठक.

“बरं, हे सगळं राहू दे,” धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात आता एक वेगळीच चमक आली. त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, इस्त्री केल्यासारखा तळहातानं सपाट केला आणि थोरल्यापुढे सरकवला. “मी अर्ज करून तुमच्याच खात्यातून मिळवलाय. कालव्याकाठची वाट. चार किलोमीटर. मोटारींना बंदी. फक्त सायकली आणि पादचारी. गेली नऊ वर्षं दर वर्षीच्या तपासणीत शेरा काय? ‘सुस्थितीत.’ आणि दुरुस्तीचा खर्च?” त्यानं बोट ठेवलं. “शून्य. नऊ वर्षं, शून्य! कुठे गेलं तुझं पाणी? कुठे गेली मुळं? ज्या वाटेवर फक्त सायकली चालतात ती वाट नऊ वर्षांत एक दमडी मागत नाही, हे तुमचाच कागद सांगतो. उद्या मी हा सभागृहात वाचणार, आणि तुझा मसुदा तिथेच संपणार.”

थोरल्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ताईला तो लहानपणी गृहपाठ विसरून शाळेत निघालेला आठवला.

“हे… हे असं असू शकत नाही,” तो म्हणाला.

“खालची सही कुणाची?”

सही त्याचीच होती.

 शून्य. ताईच्या कमरेला, गुडघ्यांना, त्या शून्याचा भार आत्ताही जाणवत होता.

“आणि कागदाला साक्षीदारही आहे,” धाकटा म्हणाला, आणि मान ताईकडे वळवून लहानपणी चेंडू मागायचा तसा हसला. “ताई, त्या वाटेवरून तुझ्याएवढं कोण गेलंय? उद्या माझ्या शेजारी उभी राहा. भाषण नको. एवढंच म्हण, ‘मी नऊ वर्षं रोज या वाटेनं जाते, मला दुरुस्तीची गरज कधी दिसली नाही.’ गावात निम्म्या घरांत तू कुणाच्या ना कुणाच्या जखमा बांधल्यास. तुझा शब्द कुणी खाली पडू देणार नाही.”

“तिला यात ओढू नकोस,” थोरला म्हणाला.

“का? ताई खरं तेच सांगेल.”

 आई शेंगा सोलायची थांबली होती आणि ताईकडेच बघत होती. ती नजर ताईच्या ओळखीची होती. ताप मोजणारी आई मुलाच्या कपाळाकडे बघते तशी.

ताईनं पदराला हात पुसले. “मला तसं म्हणता यायचं नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“दुरुस्तीची गरज दिसली. दर आठवड्याला दिसली.” ती उठली. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात केरसुण्यांमागे हात घालून तिनं एक जाड कापडी पिशवी ओढून काढली आणि टेबलाजवळ आणून ठेवली. आतून आधी लोखंड वाजलं. मग तिनं एकेक वस्तू बाहेर काढली: ताठ केसांचा ब्रश, छिन्नी, छोटा हातोडा, आणि शेवटी लाकडी मुठीचं, खालून चौकोनी लोखंडाचं धुमुस. खडी ठोकून बसवायचं मुकादमांचं लहान धुमुस. त्यांच्या तळव्यानं मुठीला पडलेली खोलगट जागा अजून तशीच होती.

थोरला खुर्चीतून अर्धवट उठला. “हे वाटणीच्या वेळी सापडलं नव्हतं. मी शोधलं होतं.”

“माझ्याकडे होतं.”

“आणि तू…?”

“शनिवारी सकाळी. कामावर जायच्या आधी.” ती खाली बघून बोलत होती, जणू कुणाच्या तरी चुकीची कबुली देत होती. “खड्डा आधी झाडून घ्यायचा. छिन्नीनं कडा सरळ कापायच्या, चौकोनी, म्हणजे नवं जुन्याला धरतं. मिश्रण दोन थरांत घालायचं. ठोकायचं ते कडेकडून मध्याकडे. वर बारीक कच पसरायची, की चाकाला चिकटत नाही आणि दोन दिवसांत कुठे काय होतं ते कळतही नाही. मुकादमांनी शिकवलं तसंच. दुकानात थैल्या मिळतात मिश्रणाच्या.”

“नऊ वर्षं?” धाकट्याचा आवाज फुटला. “दर शनिवारी?”

“आजारी होते ते दोन शनिवार सोडून.”

“आणि कुणाला एका शब्दानं…”

“नेम बोलून दाखवला की तो नेम राहत नाही.”

“मला ठाऊक होतं,” आई शांतपणे म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. “तिच्या साडीच्या काठांचं डांबर रॉकेलनं कोण काढतं? मला वाटलं, सांगेल तेव्हा सांगेल. मी काही खात्याची तपासनीस नाही.”

तपासनीस हा शब्द ऐकला आणि धाकट्याला थोरल्यापुढचा कागद आठवला. तो त्यानं असा बघितला की जणू त्यातली अक्षरं उडून गेली होती. “ताई, माझ्या पायाखालची जमीनच काढलीस तू. माझा सगळा युक्तिवाद या शून्यावर उभा होता! दुकान चालायचं कसं? या नुसत्या बातमीनंच महिनाभर नवी सायकल खपली नाही माझी. लोक म्हणतात, कराचं काय होतंय ते बघू.”

थोरल्याच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजेड पसरत होता. “म्हणजे खर्च होता! फक्त दिसत नव्हता. श्रम होते, माल होता. ताई, उद्या तू माझ्या बाजूनं हे सांग. वाट आपोआप टिकत नाही याचा याहून मोठा पुरावा…”

“सांगेन की,” ताई म्हणाली. ती अजूनही खालीच बघत होती. “मग ते विचारतील, नऊ वर्षं ‘सुस्थितीत’ असं कुणी लिहिलं, आणि वाटेवर न जाता कसं लिहिलं.”

उजेड जसा आला तसा मावळला. “तपासणीला कनिष्ठ जातो,” थोरला पुटपुटला. “पुलावरून गाडी थांबवून बघतो. मी… मी फक्त सही करतो.”

धाकटी इतका वेळ ओठ दाबून उभी होती. तिला आवरलं नाही. “वन्सं, मुकादमांचं धुमुस खरंच भारी हो. एका ठोक्यात दोघांना बसवलंत.”

आई आधी हसली. मग धाकटा, आपल्यावरच. थोरल्याला हसू यायला वेळ लागला, पण आलं. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतकं आलं.

ताई मात्र हसली नाही.

“तुम्ही दोघं माझ्यावर रागावायला हवं होतं,” ती म्हणाली. “मी घरोघर जाऊन काय सांगते? डॉक्टर बघून जाईपर्यंत ताप उतरवणारी गोळी देऊ नका. गोळीनं बरं दिसतं आणि दुखणं आत वाढतं. आणि मी स्वतः त्या वाटेचा ताप दर शनिवारी उतरवत राहिले. वाट राखली, पण तिचं दुखणं लपवलं. माझ्यामुळे ह्याला कागदावर शून्य मिळालं. माझ्यामुळे त्याला पुलावरून सही करता आली. तिसऱ्या पुलापलीकडे मूळ दर वर्षी बोटभर वर येतंय. ते वरून ठोकून बसणारं नाही. खालची माती काढून, निचरा करून पुन्हा बांधायला हवं. ते एकट्या बाईचं काम नाही. आणि माझे गुडघे आता उठताना आवाज करतात.”

 खाली दुकानाबाहेरून कुणीतरी चाकात हवा भरून घेतल्याचा फुसफुस आवाज वर येत होता. रविवारी पंप बाहेर ठेवायचा, ज्याला हवा त्यानं भरून घ्यायची, ही धाकट्याची पद्धत होती.

“मग तुझं काय म्हणणं?” धाकट्यानं विचारलं. आता त्याच्या स्वरात वकिली नव्हती. “कर असावा की नसावा?”

ताई विचारात पडली. तिला कुणी असं काही विचारण्याची सवयच नव्हती.

“मला कराचं कळत नाही रे. वाटेचं थोडं कळतं. चाकांनी खड्डे पडत नाहीत, हे तुझं खरं. वाट आपोआप राहत नाही, हे त्याचं खरं. ज्या वाटेनं रोज जाते तिचं मी काही देणं लागते असं मला वाटतं. पण ते देणं मला कधी जड झालं नाही, कारण ते कुणी मागितलं नव्हतं. कुणी दांड्याला बिल्ला लावून मागितलं असतं तर…” ती थांबली. “तर मी निमूटपणे भरलं असतं. आणि मग खड्डा दिसला असता तेव्हा म्हणाले असते, मी माझे पैसे दिलेत, आता कार्यालय बघेल. आणि वळसा घालून गेले असते. मला माझीच भीती वाटते, दुसऱ्या कुणाची नाही.”

“पण सगळी माणसं तुझ्यासारखी नसतात ताई,” थोरला हलकेच म्हणाला. “नेमावर शहर चालत नाही.”

“नाही चालत. म्हणून तर म्हणते, गुडघे आवाज करतात.”

आईनं सोललेल्या मटारांचं भांडं पुढे सरकवलं आणि शेंगांची टरफलं एकत्र केली. “पाण्यानं रस्ता मरतो तर पावसावर लावा कर,” ती म्हणाली. “नाहीतर आधी नीट बघून या की वाट कशानं मरते. माझ्या घरात दोघं शहाणे, आणि दोघांनीही नऊ वर्षांत त्या वाटेवर पाय ठेवलेला नाही. एकानं पुलावरून बघितलं, एकानं कागदावरून.”

थोरल्यानं चमचा हातात घेतला, पण या वेळी सरळ लावला नाही. नुसता फिरवत राहिला. “मी उद्या सुनावणीत मसुदा लांबणीवर टाका असं सांगतो,” तो शेवटी म्हणाला. “तीन महिने. शेरे माझ्या सहीनं चुकीचे गेलेत हेही सांगतो. बोलणी खावी लागतील.”

“खा. मुकादमांनीही खाल्ली आहेत,” आई म्हणाली.

“तीन महिने दर आठवड्याला मी स्वतः ती वाट मोजतो. कुठे, किती, कशानं. मुळानं, पाण्यानं की चाकानं. मग ज्याच्या वाट्याला जे येईल ते येईल. कर लागेल, नाहीतर घरपट्टीतूनच हक्कानं रक्कम मागता येईल.”

“एकटा नाही,” धाकटा लगेच म्हणाला. “मी बरोबर येणार. तू पुन्हा पुलावरून मोजशील.”

“टेम्पोनं येणार का?” धाकटीनं विचारलं.

“सायकलनं!”

“येते का अजून?”

“पोहणं आणि सायकल माणूस विसरत नाही.”

“पोहणं विसरलात, बघितलंय मी.”

पुन्हा हशा पिकला, पण थोरला एकाएकी गंभीर झाला. त्यानं धुमुस उचललं, मुठीच्या खोलगट जागेवर आपला अंगठा ठेवून बघितला, आणि ते ताईपुढे ठेवलं. “एक अट आहे ताई. हे तीन महिने तू हात लावायचा नाहीस. एकही खड्डा भरायचा नाही. भरलास तर मोजायचं काय? डॉक्टरला ताप दिसायला हवा, तूच म्हणालीस.”

ही अट येणार हे ताईला ठाऊक होतं. तरी डोळ्यांपुढे ते मूळ आलं, वाडग्याएवढा खड्डा आला, आणि कॅरिअरवर बसून आईच्या पाठीला गाल टेकवून झोपणारी ती मुलगी आली.

“तिसऱ्या पुलापाशी एक पडलाय,” ती म्हणाली. “कुणी आपटलं तर?”

“सूचनेची पाटी लावायला सांगतो. आठवडाभरात लागेल.”

“आठवडाभरात,” ताईनं त्याचेच शब्द म्हटले.

“ताई, शब्द दे,” थोरला म्हणाला. आणि आपण हे कुणाच्या आवाजात बोललो हे कळून तो स्वतःच चपापला.

ताईनं आईकडे बघितलं. आईनं टरफलं कागदात गुंडाळायला घेतली.  ताईनं मान हलवली, मग नुसती मान पुरत नाही हे आठवून ती म्हणाली, “नाही भरणार. शब्द.”

त्या रात्री ती जेवली, भांडी आवरली, आणि नेहमीच्या वेळी निजली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आणि जित्या भावाला दिलेला शब्द, दोन्ही उशाशी घेऊन निजली. झोप लागेपर्यंत तिनं मुकादमांचं ते सांगणं मनात कितीदा तरी उलटंपालटं करून बघितलं. शब्दन् शब्द आठवत होता. त्यात ‘उतरायचं’ होतं, ‘भरायचं’ कुठेच नव्हतं.

सोमवारी पहाटे देवापाशी डोळे मिटून उठल्यावर ती जिन्याखाली वाकली. पिशवी उचलली. हलकी व्हावी म्हणून धुमुस काढून परत कोनाड्यात उभं केलं, छिन्नी आणि हातोडा त्याच्या शेजारी ठेवले. ब्रश तेवढा राहू दिला. मग ती खाली दुकानात गेली. मडगार्डच्या मागच्या टोकाला पांढरा पट्टा ओढायला धाकटा जो रंग वापरतो, त्याचा डबा फळीवर असतो हे तिला ठाऊक होतं. किल्ली नेहमीच्या खिळ्यावर होती.

पण डबा फळीवर नव्हता. तो दाराशीच, तिच्या सायकलीच्या मागच्या चाकाजवळ ठेवलेला होता. झाकण आधीच सैल केलेलं, वर धुतलेला रुंद कुंचला आडवा, आणि शेजारी टेम्पोबाहेर आलेल्या मालाला मागे बांधायचं लाल फडकं घडी करून. दिवा नव्हता, कुणी जागं नव्हतं. की होतं, ते तिनं बघितलं नाही. आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलली एवढं ऐकू आलं.

तिनं डबा पिशवीत ठेवला, फडकं वरून खोचलं, आणि सायकल उंबऱ्यावरून हळूच उचलून बाहेर काढली, घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर तळहात ठेवून.

गल्ली अजून निळसर होती. शाळा भरायला दीड तास होता. तिसऱ्या पुलापर्यंत वीस मिनिटं, खड्ड्याभोवती ओढलेला रंग सुकायला अर्धा तास. ती बसली, पायडल मारलं, आणि कालव्याकडे वळली, जिथे उतरायचं होतं तिथे.